नालेची अंगठी, तीन बाण

चोपड्याच्या एका दवाखान्यात मी न झालेल्या जखमेसाठी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. ते आठवलं की अजून दंड ठणकल्यासारखा वाटतो. सिस्टर म्हणाल्या, "बोट दाखवा बघू, पट्टी बदलून देते." मी हात मागं ओढला. "नको, आत्ताच बांधलीय." बाहेर बाकावर मॅडम, म्हणजे मी ज्यांच्याकडं खड्डे खणायचो त्या, माझ्यासाठी थांबल्या होत्या. रिकाम्या पोटी सुई घेऊन चक्कर यायला नको म्हणून त्यांनी बिस्किटांचा पुडा आणून ठेवला होता. मी तो खाल्ला. सगळा खाल्ला.

चिंधीच्या आत जखम नव्हती. अंगठी होती. काळ्या घोड्याच्या नालेची, लोखंडी.

मी मूळचा चंदगड तालुक्यातला, कोल्हापूर जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणतो, पण सोडली मीच. गणिताचे सर फळ्याकडं बोलवायचे आणि आकडे बघितले की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पळायचो. मग बोअरच्या गाडीवर लागलो. गाव कधीच मागं पडलं, गाडी जाईल तिकडं आम्ही. एकदा साखळी सुटून वरचा पाइप खाली आला आणि मी क्षणापूर्वी उभा होतो तिथं जमिनीत रुतला. मला खरचटलंसुद्धा नाही. पण आईला फोनवर सांगितलं आणि चूक झाली. तिनं गावातल्या जोशीबुवांना पत्रिका दाखवली. साडेसाती निघाली. अंगठी कुरियरनं आली, सोबत आईचा निरोप : उजव्या हाताच्या मधल्या बोटात, शनिवारी घाल, आणि साडेसाती संपेपर्यंत काढायची न्हाई. पाण्यात न्हाई, झोपेत न्हाई, कुणी मागितली तरी न्हाई.

मी मुळात भित्रा. असली आज्ञा मोडायची ताकद माझ्यात नव्हती.

धुळ्यात मालकानं गाडी विकली. बाकीचे आपापल्या गावी गेले. मला काहीच हातात न घेता घरी जायची लाज वाटली, म्हणून राहिलो. बसस्टँडमागच्या चहाच्या टपरीवर एक जीपवाले आबा यायचे, धुळ्याचेच, साठीचे. त्यांची जीप मॅडमनी भाड्यानं घेतली होती. मॅडम भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या, दूरच्या एका संस्थेतून आलेल्या. त्यांना खणायला माणूस हवा होता. आबांनी मला पुढं केलं. मॅडमनी एकच विचारलं, "खड्डा सरळ खणता येतो?"

"येतो."

किती शिकलास, कागद आहेत का, काही नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो. इतक्या थोड्या शब्दांत मला कुणीच कामावर घेतलं नव्हतं. त्याची फेड कशी करायची, हा विचार मला रोज असायचा आणि त्या विचारानंही भीतीच वाटायची.

काम असं. तापीच्या बऱ्याच अलीकडून सुरुवात करून चोपड्यावरून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत एका ओळीत ठिकाणं ठरलेली. प्रत्येक ठिकाणी हाताएवढ्या लांब, जाड नळ्यांसारखी तीन यंत्रं पुरायची. त्यांना कॉइल म्हणतात. एक बरोबर उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, एक उभी. शिवाय चार दिशांना मिठाच्या पाण्यानं कालवलेल्या चिखलात चार डबे. सगळ्यांच्या तारा एका पेटीत. पेटी दिवस-रात्र नोंद करते, दुसऱ्या दिवशी उचलायची, पुढच्या ठिकाणी जायचं.

"पण हे ऐकतं काय?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

मॅडम खड्ड्याच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "सूर्याकडून जे येतं, त्यानं पृथ्वीचं चुंबकत्व सारखं थरथरत असतं. त्या थरथरीनं जमिनीत वीज जागी होते. खाली जिथं खडक फुटलाय, पाणी मुरलंय, तिथून ती जास्त वाहते. आपण वर बसून तिचा माग काढायचा. हा सातपुडा आणि ही तापी, यांच्या मध्ये जमीन फार पूर्वी फाटलीय. एक बाजू वर गेली, एक खाली बसली. ती फट किती खोल गेलीय ते खणून कळणार नाही."

माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. "शॉक बसंल?"

त्या हसल्या नाहीत. "नाही. इतकी थोडी असते की ती मोजायला एवढा खटाटोप करावा लागतो."

मग त्यांनी एक पिशवी पुढं केली. लोखंडाचं जे असेल ते यात टाका. किल्ल्या, पट्टा, चाकू, मोबाईलसुद्धा. पिशवी जीपमध्ये जाईल, जीप लांब जाईल. आबांनी किल्ल्यांचा जुडगा टाकला. मॅडमच्या हाताखाली शिकणारा एक मुलगा होता, त्याला आम्ही छोटे डॉक्टर म्हणायचो, त्यानं पट्टा काढला. माझी पाळी आली तेव्हा मी मोबाईल टाकला, विळा टाकला. उजवा हात खिशात. दुपारी आडोशाला जाऊन पंच्याची चिंधी फाडली आणि बोट बांधलं. कुदळ लागली म्हणालो.

माझं काम खणायचं. खणायचं आणि बाजूला व्हायचं. होकायंत्र छोट्या डॉक्टरच्या हातात असायचं. त्यामुळं अंगठीनं काही बिघडत नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. पण खोटं बोललं की ते रोज नव्यानं बोलावं लागतं. मॅडम विचारायच्या, "बोट कसं आहे?" मी म्हणायचो, "ठणकतंय थोडं." त्यातूनच ते इंजेक्शन झालं.

आबा मात्र फसले नाहीत. ते अहिराणीत टोमणे मारायचे. "काय रे कोल्हापूर, तुना बोटनी जखम दिवाळी लगून बरी व्हवाव नही का?" आणि दिवाळी तर होऊन गेली होती, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत.

मग छोट्या डॉक्टरला ताप आला. दोन दिवस लॉजवर काढले, तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. मॅडमना पेटीजवळ थांबावं लागायचं, लॅपटॉप घेऊन पन्नास पावलं लांब. लॅपटॉप होकायंत्राजवळ चालत नाही. त्यांनी होकायंत्र माझ्याकडं दिलं. "तुझे खड्डे दोरीत असतात. तूच वाच." स्वतःच्या हातात धरून शिकवलं, सुईचं टोक कुठं थांबलं की उत्तर, ते दाखवलं. मला सांगायचं होतं, मॅडम, मला आकडे जमत नाहीत. आणि दुसरंही सांगायचं होतं. दोन्ही सांगितलं नाही. होकायंत्र उजव्या तळव्यावर घेतलं, कारण सगळं उजव्या हातानंच करायची सवय.

तीन ठिकाणं मी केली. पहिलं तापीच्या अलीकडं, वेचणी संपलेल्या कपाशीत. दुसरं चोपड्याजवळ केळीच्या बागेत. तिसरं सातपुड्याच्या पायाशी, मुरमाड माळावर. सुई थरथरायची. मला वाटलं माझाच हात थरथरतोय. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या लॉजवर मॅडमनी टेबलावर कागद पसरला. मी पोहे घेऊन आलो होतो. कागदावर आमची ओळ होती आणि प्रत्येक ठिकाणी एक छोटा बाण. खाली वीज कुठल्या बाजूनं जास्त वाहते, ते बाण सांगतो, एवढं मला त्यांनीच शिकवलं होतं. सगळे बाण एका चालीत उत्तरेकडं. आणि शेवटचे तीन, पूर्वेकडं मान वळवलेले.

"बघ," त्या म्हणाल्या. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "इथून काहीतरी बदलतंय. फट सरळ जात नाही, इथं वळतेय बहुतेक. उद्या मी आमच्या सरांना पाठवते. मग आणखी चार ठिकाणं मागून घेऊ."

माझ्या हातातली बशी टेबलावर आपटली. पोहे सांडले नाहीत, पण आवाज झाला. त्यांनी वर पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही."

तीन बाण. बरोबर तीन. मी धरलेली तीन ठिकाणं.

त्या दिवशी काम नव्हतं. आबा जीप धूत होते, मी बादली भरून देत होतो. माझ्या डोक्यात एकच चालू : सांगितलं तर नोकरी गेली. नुसती नोकरी नाही. ज्या बाईनं मला कागद न बघता घेतलं, तिच्यासमोर मी खोटारडा. नाही सांगितलं तर ती खोटी फट कागदावर मांडणार, आणि ती माझ्या बोटानं वळवलेली. कधीतरी कुणी तिथंच पुन्हा मोजेल आणि तिच्याकडं बोट दाखवेल. माझ्याकडं कुणी बघणारही नाही. तेच जास्त वाईट वाटत होतं.

"आबा," मी विचारलं, "अशी अंगठी काढली तर काय होतं हो?"

त्यांनी फडकं पिळलं. कुठली अंगठी, असं विचारलंच नाही. "काय व्हस? बोट हलकं व्हस. दुसरं काय?"

"आणि मला काही झालं तर?"

"तुले तर रोजच काही तरी व्हई राह्यनं," ते म्हणाले. "तुनं तोंड पाह्य काचमा."

जीपच्या धुतलेल्या काचेत मी पाहिलं. खरंच आजारी माणसाचं तोंड होतं.

मी वर गेलो. मॅडम लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होत्या. मी दारातच उभा राहिलो आणि बोलायच्या आधी चिंधी सोडायला लागलो, कारण तोंडानं बोलणं जमणार नाही हे मला कळलं होतं. गाठ घामानं घट्ट झालेली. दातानं सोडली. आत बोट पांढरं, सुरकुतलेलं, आणि त्यावर काळी अंगठी.

त्या बघत राहिल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "होकायंत्र कुठल्या हातात धरलं होतंस?"

"ह्याच."

"तिन्ही ठिकाणी?"

"व्हय." घाबरलो की मी गावचं बोलतो.

त्यांनी पिशवीतून होकायंत्र काढून टेबलावर ठेवलं. "हात जवळ आण. हळू." मी बोट पुढं केलं. सुई सावकाश वळली, माझ्याकडं. मागं घेतलं, ती परत गेली. पुन्हा पुढं, पुन्हा वळली. मी रडायला लागलो. एवढीशी सुई, ती कुणाचं काही लपवत नाही, असं काहीतरी वाटलं असावं.

"जखम नव्हतीच?"

"न्हवती."

"आणि इंजेक्शन?"

"ते घेतलं की."

त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं आणि लगेच गेलं. "बस. अंगठी कशासाठी ते सांग." मी सगळं सांगितलं. पाइप, आई, जोशीबुवा. शनीवर विश्वास आहे की नाही, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. एवढंच म्हणाल्या, "तुझे खड्डे अजून दिसत असतील का?"

मला कळेना.

"कॉइल घट्ट बसावी म्हणून तू खड्डा तिच्याच मापाचा खणतोस. मग कॉइल कुठल्या दिशेला होती ते खड्डाच सांगेल. माती भरली असली तरी कडा राहतात. किती अंश वळली तेवढं कळलं, की नोंद दुरुस्त करता येते. उद्या तिन्ही ठिकाणी जाऊ. तू उघड." मग लॅपटॉप मिटत, "अंगठी काढून."

नोकरी गेली की राहिली, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. रात्रभर आढ्याकडं बघत पडून राहिलो, अंगठी अंगठ्यानं फिरवत.

सकाळी कपाशीच्या बांधावर जीप थांबली. पिशवी पुढं आली. मी अंगठी ओढली. निघेना. साबण लावला, निघाली. बोटावर एक खोल वळ. आणि ती पिशवीत टाकायला माझा हात उघडेना. जोशीबुवा म्हणाले होते, अंगावेगळी झाली की शनी मोकळा. ही दोन तास कुणाच्याच अंगावर नसेल तर?

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग मॅडमकडं. मग हात पुढं केला. "आन इकडे. मना बोटमा घालस मी."

"आबा, तुम्हाला काही..."

"मना मांगे बठ्ठा ग्रह लागी ग्यात. आखो एक." सगळेच ग्रह मागं लागलेत तर आणखी एकानं काय, अशा थाटात त्यांनी ती करंगळीत चढवली, दुसऱ्या कुठल्या बोटात जाईना, आणि जीप घेऊन पार रस्त्यावर गेले. जाताना काचेतून हात बाहेर काढून मला दाखवला, अंगठीसकट.

मी खणलं. कपाशीतली माती मऊ होती, कडा शोधायला वेळ लागला, पण सापडल्या. मॅडमनी सकाळपासून बांबूची काठी रोवून तिच्या सावलीच्या टोकाला खुणा केल्या होत्या. इथले काळे खडकही कधी कधी सुई फिरवतात, म्हणून सावलीशी ताळा घ्यायचा. दुपारी सगळ्यात आखूड सावलीची रेघ मिळाली, ती बरोबर उत्तर-दक्षिण असते. माझा खड्डा तिच्याशी जुळत नव्हता. पश्चिमेकडं झुकलेला, म्हणून कागदावरचा बाण उलटा पूर्वेकडं गेला होता. स्वच्छ दिसत होता, शेजारच्या पोरालाही कळला असता.

"दहा अंशांच्या आसपास," मॅडम म्हणाल्या आणि लिहून घेतलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी केळीची बाग. तिथली मालकीण, अक्का, पाणी सोडत होती, आम्ही परत आलेलं बघून म्हणाली, "परत का उनात? काय इसरी ग्यात?"

"हो," मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट विसरली होती."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे पाय धरले असते. केळीच्या सावलीत काठीची सावली मिळेना, म्हणून बागेच्या कडेला रोवली आणि दोरी ताणत आत आणली. हाही खड्डा वाकडा निघाला, पहिल्याइतकाच. माझ्या मनात आता आशा अशी काही नव्हती. तिसरा उघडायचा, मॅडमनी लिहून घ्यायचं, आणि धुळ्याच्या स्टँडवरून कोल्हापूरची गाडी. आईला काय सांगायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मुरमाड माळ. मागं सातपुडा जवळ, उन्हात तपकिरी. इथं मुरूम कडक, खड्ड्याच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या राहिल्या होत्या. आबा अंगठी घालून लांब गेले. मी भरलेली माती काढली, दोरी ताणली, सावलीच्या रेघेशी नेली.

जुळली.

मी दोरी सोडून पुन्हा ताणली. मला वाटलं मी हवं तसं बघतोय. मॅडम काठीकडून चालत आल्या. "होकायंत्रानं वाच," त्या म्हणाल्या. "नको, हातात नको. जमिनीवर ठेव."

जमिनीवर ठेव म्हणाल्या आणि मला आठवलं. त्या दिवशी इथं वारा फार होता. हात इतका थरथरत होता की मी घाबरून होकायंत्र कॉइलच्या पेटीच्या लाकडी फळीवर ठेवलं होतं. श्वासानंसुद्धा सुई हलेल म्हणून दोन्ही हात पाठीमागं बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा वाकून वाचलं होतं. भीतीनंच मला तिथं वाचवलं होतं. मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी मला तसं उभं राहून दाखवायला लावलं. मी दाखवलं. त्यांनी डोळ्यांनी अंतर मोजलं.

मग स्वतः वाकून वाचलं. मग काठीची रेघ पाहिली. मग पुन्हा वाचलं. या वेळी मला बरोबर निघण्याचीसुद्धा भीती वाटत होती.

"हा खड्डा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे इथला बाण खरा आहे." त्या डोंगराकडं बघत राहिल्या. "ते दोन परत फिरतील. हा नाही फिरणार. इथं खाली काहीतरी आहे."

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. तळव्यांखाली गरम मुरूम होता. खाली कुठंतरी ती वीज वाहत होती, माझ्या बोटाशी काही संबंध नसलेली. फार हायसं वाटलं आणि लगेच फार भीती वाटली, की जमीन खरोखरच फाटलेली आहे, आणि मी तिच्यावर बसलोय.

"मॅडम," मी म्हणालो, "मी उद्यापास्नं..."

"उद्या सहाला निघायचं," त्या म्हणाल्या. दोरी गुंडाळत होत्या, माझ्याकडं बघितलं नाही. "इथून पूर्वेला नवं ठिकाण घेऊ. होकायंत्र तूच धरायचं. फळीवर."

रस्त्यावरून हॉर्न वाजला. आबा जीप घेऊन आले, करंगळी वर धरलेली, लाल झालेली. "ले भाऊ, तुना शनी. मनं बोट सुजी गये."

मॅडमनी डब्यातून साबणाची वडी काढून दिली, आणि म्हणाल्या, "आबा, तुम्हालाही इंजेक्शन?" आबांना काही कळलं नाही. मी मात्र हसलो. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

तेव्हापासून तसंच ठरलं. ठिकाणावर पोचलं की अंगठी आबांच्या करंगळीत, काम संपलं की माझ्या बोटात. मधले दोन तास मला अजून भीती वाटते. पाइप पडेल, साप निघेल, काहीतरी होईल. मी लांबच्या जीपकडं बघतो, आबा खिडकीतून हात दाखवतात, मी फळीवर वाकतो.

माळावरून परतलो त्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. आधी जेवलास का, मग थंडी किती, मग नेहमीचं. "अंगठी हाय न्हवं बोटात?"

आबा समोरच बसून वरण-बट्टी खात होते, अंगठी अजून त्यांच्याच करंगळीत अडकलेली, साबणालाही दाद न देता.

"हाय," मी म्हणालो. "बोटातच हाय, आई."